यजमान कोण?

"मौलाना, उद्या पाहुणे येणार आहेत ना? मग नवा कुर्ता घालायचा की जुना?"

बोदवड परिसरातील एका बालगृहात आणि त्याला जोडून असलेल्या शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस मुलांना कुरआन आणि मराठी शिकवतो. गेल्या शाबान महिन्यात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "नवाच घाल, बेटा. पाहुण्यांसमोर जुना कशाला?" त्यावर त्याने मला समजावून सांगितले, "तपासणीचे साहेब आले की नवा. रमजानचे पाहुणे आले की जुना."

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. हा हिशेब त्याला कोणी शब्दांनी शिकवला नव्हता. पाहून पाहून तो शिकला होता. शिकवणाऱ्यांत मीही होतो. पाहुणे आले की मुलांना रांगेत उभे करणारा आणि ज्याचा आवाज गोड त्याला पुढे बोलावून सूरह अज्जुहा म्हणायला लावणारा मीच. या सूरहमध्ये अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) आठवण करून देतो की, आपण अनाथ होता आणि आपल्याला आसरा देण्यात आला, आणि लगेच ताकीद देतो की, अनाथाला दडपू नये. तीच सूरह मी अनाथांच्या प्रदर्शनासाठी वापरत होतो. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर बराच वेळ मला मशिदीतून उठवेना.

पाहुण्याचा आदर हा ईमानचा भाग आहे, याबद्दल दुमत नाही. अल्लाहवर आणि अंतिम दिनावर ज्याची श्रद्धा आहे त्याने पाहुण्याचा सन्मान करावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हा ते न सांगता आत गेले आणि पुष्ट वासरू घेऊन आले, असे सूरह अज्जारियातमध्ये वर्णन आहे. परंतु पाहुणचाराच्या या सगळ्या शिकवणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घर कोणाचे आहे, हे ठाऊक असते. बालगृहात नेमका तोच प्रश्न अनुत्तरित राहतो. पाहुणा अधीक्षकांना सलाम करतो, विश्वस्तांबरोबर चहा घेतो, मौलानांकडून दुआ घेतो. मुले मात्र त्याला दाखवली जातात. वास्तविक अधीक्षक संध्याकाळी आपल्या घरी जातात, विश्वस्त महिन्यातून एकदा येतात आणि मी मशिदीमागच्या खोलीत राहतो. त्या छपराखाली रोज रात्री झोपणारे मूलच तेवढे आहे. मग यजमान कोण? माझ्या मते मूलच यजमान आहे. ही एक गोष्ट मान्य केली की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप बदलतात.

मुलाला एवढा मान कशाला, असे कोणी विचारील. हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी कथन केलेला प्रसंग येथे आठवावा. प्रेषितांसमोर (स.) पेय आणले गेले. ते प्याल्यावर उरलेले उजव्या बाजूच्याला द्यायचे, असा रिवाज. उजवीकडे एक लहान मुलगा होता आणि डावीकडे वयोवृद्ध मंडळी. आधी या वडीलधाऱ्यांना दिले तर चालेल का, असे प्रेषितांनी (स.) त्या मुलाला विचारले. मुलाने नम्रपणे नकार दिला आणि पेला त्याच्याच हाती आला. ज्यांच्या एका शब्दावर साहाबा प्राण द्यायला तयार होते, त्यांनी एका पोराची परवानगी मागितली आणि नकार मिळाल्यावर तो पाळला. आपण मात्र पाहुण्यांसमोर मुलाला त्याचे वडील कसे वारले हे सांगायला लावतो आणि त्याची संमती विचारावी, हे आपल्या मनातही येत नाही.

सूरह अन्नूरमध्ये आज्ञा आहे की, दुसऱ्याच्या घरात अनुमती घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नये. आणि परत जा असे सांगितले तर परत जावे. एका माणसाने प्रेषितांच्या (स.) घरात फटीतून डोकावले, तेव्हा परवानगीची अट मुळात नजरेसाठीच आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. आजची नजर हातातल्या मोबाइलमध्ये आहे. ताटावर बसलेल्या मुलाचे छायाचित्र काढणे, त्याखाली दात्याचे नाव घालून ते शेकडो लोकांना पाठवणे, हे फटीतून डोकावण्यापेक्षा वेगळे कसे? देशाचा कायदाही येथे शरीयतच्या बाजूने उभा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र अशी ओळख उघड करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग दार बंदच करावे काय? असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची भीती निराधार नाही. मे २०२३ च्या अखेरीस बिहारहून महाराष्ट्रातील मदरशांकडे निघालेली ५९ मुले आपल्या शेजारच्या भुसावळात आणि मनमाडला रेल्वेतून उतरवून घेण्यात आली. तस्करीच्या संशयावरून त्यांच्या सोबत्यांवर गुन्हे दाखल झाले. पुढे तपासात तस्करी आढळली नाही आणि प्रकरणे बंद झाली. पण तोवर मुलांचे दिवस आईवडिलांपासून दूर निवारागृहांत गेले होते आणि शिक्षकांचे कोठडीत. या घटनेनंतर कोणी म्हणाले, बाहेरच्यांना आत घेऊच नका. मला याच्या उलट वाटते. संशयाला बंद दार आवडते. शिवाय बंद दारामागे मुलावर अन्याय होत असेल, तर तो पाहणार कोण? अनाथाची मालमत्ता त्याच्या स्वाधीन करताना साक्षीदार ठेवा, असे सूरह अन्निसा सांगते. म्हणजे ज्याच्या हाती अनाथाचे काही आहे, त्याने स्वतःला साक्षीपासून मोकळे ठेवू नये. पाहुणा हा असा साक्षीदार आहे. त्याने हिशेबाची वही मागावी, कोठारातले धान्य पाहावे, मुलांच्या जेवणातली डाळ चाखावी, संडास स्वच्छ आहेत की नाहीत ते पाहावे. ते दार सताड उघडे असावे. बंद ठेवायचे ते मुलाच्या दुःखाचे दार. त्याची कडी आतून आहे आणि ती मुलानेच काढायची आहे.

सूरह अलबकरामध्ये उघड दानही चांगले म्हटले आहे आणि गुप्तपणे गरिबाला दिलेले त्याहून उत्तम. तिथेच पुढे-मागे ताकीद आहे की, उपकार जाणवून देऊन आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका. दान उघड असू शकते. घेणाऱ्याची लाज उघडी पाडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

आता स्वयंसेवकांविषयी. महाविद्यालयीन मुले-मुली उत्साहाने येतात, महिनाभर इंग्रजी-गणित शिकवतात आणि परीक्षा जवळ आली की अदृश्य होतात. जाताना म्हणतात, "पुढच्या रविवारी नक्की येतो." त्यांच्या लेखी ती निरोपाची रीत असते. मूल मात्र रविवारी असरनंतर फाटकाशी जाऊन बसते. ज्याला एकदा सोडून गेलेले आहेत, त्याला पुन्हा एकदा सोडून जाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत अनाथाच्या मालमत्तेला हात न लावण्याची आज्ञा आहे आणि त्याच आयतीत पुढे वचन पाळण्याची आज्ञा आहे, कारण वचनाबद्दल जाब विचारला जाईल. या दोन आज्ञा शेजारी शेजारी का, हे मला पुस्तकांतून जेवढे कळले नव्हते तेवढे त्या फाटकापाशी कळले. ज्याच्याजवळ शेतही नाही आणि घरही नाही, अशा मुलाची मालमत्ता म्हणजे त्याला दिलेला शब्द. तो मोडणे म्हणजे त्याची चोरी.

म्हणून स्वयंसेवकाला माझी विनंती असते: कमी द्या, पण ठरलेले द्या. अल्लाहला तेच कर्म अधिक प्रिय जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, असे हदीसमध्ये आहे. आमच्या खान्देशात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही पाहत. मुले खोलीत नसताना ते त्यांच्या खोल्या झाडत, त्यांची अंथरुणे नीट लावत. मुलांना परतल्यावर खोली स्वच्छ दिसे. झाडणारा दिसत नसे. प्रेषितांचे (स.) चरित्र मराठीत लिहिणाऱ्या या माणसाच्या सेवेत मला गुप्त दानाचाच अर्थ दिसतो.

आता आमच्याकडे पाहुणे आले की रांग लागत नाही. येण्याआधी कळवावे लागते, नोंदवहीत नाव लिहावे लागते, मोबाइल कार्यालयात ठेवावा लागतो. मुलांसोबत एकट्याने राहण्याची मुभा कोणालाही नाही, मलाही नाही. पाणी मुले देतात, वर्ग आणि बागेतली वांगी मुले दाखवतात. कोणाला बोलायचे नसेल तर तो क्रिकेट खेळत राहतो. पाहुणा त्यांच्याच दस्तरख्वानावर, त्यांच्याच ताटासारख्या ताटात जेवतो. अनाथांना आपल्यात मिसळून घेतले तर ते तुमचे भाऊच आहेत, असे कुरआन म्हणतो; आणि भावांची पंगत वेगळी नसते.

याची किंमतही मोजावी लागली. दरवर्षी रमजानमध्ये महिन्याचे धान्य देणारे एक गृहस्थ छायाचित्राला नकार मिळाल्यावर नाराज झाले. या वर्षी त्यांचे धान्य आले नाही. मुलांचे पोट आणि मुलांची इभ्रत यांत निवड करण्याचा हक्क मला कोणी दिला, असे विश्वस्तांनी विचारले. प्रश्न खरा होता. मी जुमाच्या खुतब्यात कोणाचे नाव न घेता सर्व हकीकत मांडली. दहा-बारा घरांनी पायली-दोन पायली ज्वारी-गहू आणून दिला. तूट पूर्ण भरली नाही. अजूनही दुकानदाराची उधारी आहे. परंतु ती उधारी फेडण्याचे काम आम्हा मोठ्यांचे आहे. ते मुलांनी आपला चेहरा दाखवून का फेडावे?

गेल्या महिन्यात जळगावहून काही मंडळी येणार होती. त्या मुलाला मी मुद्दाम विचारले, "उद्या कोणता कुर्ता?" तो गोट्या खेळत होता. मान वर न करता म्हणाला, "जो धुतलेला असेल तो."

अल्लाह आम्हाला अनाथांच्या घरी पाहुण्यासारखे वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.