पांढऱ्या रंगाचे विमान

३० ऑक्टोबर १९६१. आर्क्टिक महासागरातील नोवाया झेमल्या या सोव्हिएत बेटांवर सुमारे ५० मेगाटन शक्तीच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली. माणसाने घडवलेला आजवरचा सर्वांत मोठा स्फोट तो. बॉम्ब नेणारे टीयू-९५ विमान मुद्दाम पांढरे रंगवले होते, स्फोटाची धग परतवण्यासाठी. २७ टनी बॉम्बला भलेमोठे पॅराशूट बांधले होते, तो सावकाश उतरावा आणि तेवढ्यात विमानाला दूर जाता यावे म्हणून.

स्फोट झाला तेव्हा विमान सुमारे चाळीस किलोमीटर दूर होते. धग क्षणात पोचली. हवेच्या दाबाची लाट मागाहून आली आणि विमान जवळजवळ एक किलोमीटर खाली फेकले गेले. वैमानिक आंद्रेई दुर्नोव्त्सेव यांनी ते सावरले, सुखरूप उतरवले. पुढे त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला.

हरेक वैमानिकाचे नशीब असे नव्हते. १ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे अमेरिकेने चाचणी केली. स्फोटाच्या ढगातून नमुने आणायला गेलेले कॅप्टन जिमी रॉबिन्सन इंधन संपून समुद्रात पडले. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.

वैमानिकाचा जीव वाचवण्याची धडपड योग्यच होती. पण जो हिशेब विमानातल्या मूठभर माणसांसाठी इतक्या काटेकोरपणे केला, तो इतरांसाठी कुणी केला का?

केला होता, हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे. हा बॉम्ब घडवणाऱ्यांपैकी एक, आंद्रेई साखारोव्ह, यांनी १९५८ मध्येच मांडले होते की हवेतील चाचण्यांच्या दर मेगाटनामागे, पुढच्या पिढ्या धरून, सुमारे १०,००० माणसे बळी पडतील. जुलै १९६१ मध्ये त्यांनी ख्रुश्चेव्ह यांना चिठ्ठी लिहून चाचण्या पुन्हा सुरू करण्यास विरोध केला. ख्रुश्चेव्हनी त्यांना सर्वांसमोर फटकारले. साखारोव्ह कामावर परतले. १०० मेगाटनांचा मूळ आराखडा निम्मा झाला, किरणोत्सारही बराच घटला. पण पाप कमी केले म्हणून ते पुण्य होते का?

साखारोव्हना दोष देणे सोपे आहे. वैमानिकाने हुकूम पाळला, शास्त्रज्ञाने विरोध नोंदवून काम केले, नेत्याने शत्रूकडे बोट दाखवले. प्रत्येकाकडे आपापले कारण होते. जमीर मरत नाही, तो फक्त आपला वाटा कमी करून सांगतो. आपणही रोजच्या लहान अन्यायांत असेच करतो.

साखारोव्ह तिथेच थांबले नाहीत. हवेतील चाचण्या थांबाव्यात म्हणून त्यांनी आग्रह धरला. १९६३ मध्ये तसा करार झाला. १९७५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, १९८० मध्ये गोर्कीत हद्दपारी. उशिरा का होईना, ज्यांची नावे कुणालाच माहीत नव्हती अशा माणसांना त्यांनी आपल्या हिशेबात धरले आणि त्याची किंमतही मोजली.