साटा बदलला, गाडी तीच?

निपाणी-बेळगाव पट्ट्यात ऊस नि तंबाखू वाहून जुनी झालेली ट्रॉली असो, की यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीकडे निघालेली बैलगाडी. साटा, म्हणजे गाडीचा तळ, लाकडी असेल तर आधी कुजतो तोच. पावसाचं पाणी, ओला पाला, शेणखताची ओल फळ्यांच्या सांध्यांत मुरते आणि बुरशी लाकूड पोखरते. फळ्या उपटून नव्या ठोकल्या, तर गाडी तीच का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाचा दाखला देतात: आस रथ नाही, चाक नाही, जू नाही, या जुळणीला दिलेलं नाव म्हणजे रथ. न्याय-वैशेषिक म्हणतात, अवयवांहून वेगळा अवयवी खराच असतो. मात्र अवयव बदलला की जुना अवयवी संपून नवा उपजतो. हे पटत नाही. फळी बदलल्यानं गाडीवरचं कर्ज फिटत नाही, तिचा धनीही बदलत नाही.

आक्षेप रास्त आहे: मग चौकट, चाकं, सगळंच हळूहळू बदललं तर? तेव्हा ओळख निव्वळ सोयीची ठरेल, असं म्हणणं घाईचं आहे. पुरीत २०१५च्या नवकलेवरात जगन्नाथाचा लाकडी देह नवा झाला, तरी भाविकांनी हात जोडले ते त्याच देवाला. नागसेनांचाच दुसरा दाखला इथं अधिक खरा वाटतो: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत नि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, पण वेगळीही नाही. नवी फळीसुद्धा जुन्या चौकटीच्या जुन्याच भोकांत बसवावी लागते.