नसलेल्याचे सुतक

जो जन्मालाच आला नाही, त्याला मारल्याचे पाप लागते काय? प्रश्न ऐकून वाचक हसतील. गेल्या दिवाळीपर्यंत मीही हसलो असतो. परंतु वसुबारसेच्या संध्याकाळी, गाय-वासराची पूजा आटोपून आई ओसरीवर येऊन बसली असताना, तिच्या देखत माझ्या हातून एक शेळी मेली, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

शेळी खरी नव्हती. भाच्याच्या लॅपटॉपवरची होती.

आमचे टेंभुर्णी जालना जिल्ह्यातले, जाफराबाद तालुक्यातले. सोलापूरकडच्या टेंभुर्णीचे नाव मोठे असल्यामुळे मला पत्त्यात जिल्हा ठळक अक्षरांत लिहावा लागतो. येथे दिवाळी येते ती कापसाच्या वेचणीबरोबर, आणि भाचा येतो तो पुण्याच्या कॉलेजला सुट्टी लागली की. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत लहान वर्ग शिकवावेत आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्याप. भाच्याच्या खेळांकडे मी आजवर दुरूनच पाहत आलो. मागे त्याने मला ‘राजी’ नावाचा खेळ दाखविला होता. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तो २०२० साली काढला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी त्यात राक्षसांचा संहार करते. चित्रे सुरेख होती. आणि राक्षस मेल्याची खंत कुणाला वाटत नाही. आपण लहानपणापासून तेच ऐकत आलो.

या वेळी मात्र तो म्हणाला, “मामा, हा जपानी पद्धतीचा आहे. तुम्ही स्वतः खेळा. तुम्ही लेखक आहात, तुम्हाला आवडेल.”

जपानी पद्धत म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. १९८६ साली जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा खेळ निघाला. युजी होरी हे त्याचे रचनाकार. खेळणाऱ्याने एका वीराची भूमिका घ्यायची, गावोगाव हिंडायचे, लोकांशी बोलायचे आणि वाटेत भेटतील त्या प्राण्यांशी लढायचे. लढाई आळीपाळीची, बुद्धिबळासारखी: एक डाव तुमचा, एक त्याचा. सुरुवातीला एक निळा, थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा जीव भेटतो. त्याला मारले की एक गुण मिळतो. असे सात गुण झाले की तुम्ही एक पायरी वर चढता, तुमचे बळ वाढते. मग मोठे प्राणी, मोठे गुण. या घाटाचे पुढे शेकडो खेळ निघाले.

येथवर माझे काही म्हणणे नाही. माझी हरकत त्या गुणांच्या नावाला आहे. त्यांना म्हणतात ‘अनुभव’! आमच्या संतांनी ज्या शब्दापाशी नम्र होऊन हात जोडले, तो शब्द येथे मारलेल्या जिवांच्या संख्येला लावलेला. मी भाच्याला तसे म्हणालोही. तो गालातल्या गालात हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ मला पुढे उमगला.

कारण त्याने माझ्यापुढे ठेवलेला खेळ होता ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स नावाच्या अमेरिकन तरुणाने तो २०१५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, प्रसिद्ध केला. त्याच्यामागे कोणतीही बडी कंपनी नव्हती. २०१३ साली त्याने लोकांपुढे झोळी पसरून पाच हजार डॉलर मागितले होते. २,३९८ लोकांनी मिळून एक्कावन्न हजारांवर दिले. कथा, रचना, संगीत त्याचेच. चित्रांना मुख्यतः एका मैत्रिणीची मदत. लहानपणी जे जपानी खेळ खेळला त्यांचाच घाट त्याने उचलला, आणि त्यात एकच बदल केला: या खेळात कुणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते. लढाईच्या वेळी पडद्यावर चार चौकटी येतात. एक लढण्याची, एक बोलण्या-वागण्याची, एक जवळच्या वस्तूंची आणि चौथी दयेची.

एक पोर भुयारात पडते. तेथे माणसांनी फार पूर्वी कोंडून ठेवलेले विचित्र जीव राहतात. पोराला प्रथम भेटते एक कपटी फूल आणि नंतर ती शेळी. दोन पायांवर चालणारी, झगा घातलेली, आईसारखी. ती पोराचा हात धरून त्याला घरी नेते, गोड पदार्थ करून घालते, निजायला खोली देते. पण पोराला बाहेर जायचे असते. ती दार अडवून उभी राहते, कारण बाहेर गेलेली लेकरे परत येत नाहीत हे तिला ठाऊक असते. आता लढाई.

मी दयेची चौकट दाबली. काही झाले नाही. पुन्हा दाबली, तरी काही नाही. तेव्हा माझ्या मनात जो विचार आला तो मी जसाच्या तसा सांगतो: थोडे झोडपले की वठणीवर येईल. मी एक वार केला, दुसरा केला. तिचे बळ उतरत चालले. तिच्या आगीने पोरही घायाळ झाले होते, आणि एकाएकी माझ्या लक्षात आले की तिच्या ज्वाळा आता पोराला चुकवून बाजूने जात आहेत. हे दिसत असूनही मी, शेवटचा म्हणून, आणखी एक वार केला. तो अपेक्षेपेक्षा फारच मोठा बसला. ती गुडघ्यांवर बसली आणि विरून गेली.

“काहून मारलं रे तिला?” आई मागून म्हणाली. “लेकराला जाऊ नको म्हनत व्हती ना ती?”

“आई, ते खोटं आहे.”

“खोटं आहे त मंग तुझं तोंड काहून उतरलं? जाय, आंघोळ कर.”

भाच्याने सांगितले, पूर्वी साठवून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करता येते. मी केले. या वेळी न थकता दयेची चौकट दाबीत राहिलो, वीस-बावीस वेळा तरी. शेवटी ती थांबली, पोराला कुशीत घेऊन निरोप दिला. मला हायसे वाटले. पाटी पुसली गेली. पुढच्याच दालनात ते फूल उभे होते. त्याने मला सांगितले की तू पहिल्यांदा काय केलेस ते मला माहीत आहे. मारलेस, आणि पस्तावून मागे फिरलास.

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला! शेळीला आठवत नव्हते, पोराला आठवत नव्हते. मला आणि त्या फुलाला आठवत होते.

पुढे भाच्याने सांगितले ते आणखी विलक्षण. खेळाच्या अखेरीस एक सांगाडा न्याय करायला उभा राहतो आणि खुलासा करतो की तू ज्याला इतका वेळ अनुभव समजत होतास ते तू दुसऱ्यांना दिलेल्या वेदनांचे माप आहे. भाचा मघाशी हसला तो यासाठी. आणि ज्याने सगळ्यांना वेचून वेचून मारले, त्याला ते जग पुन्हा हवे असेल तर स्वतःचा आत्मा देऊन ते मिळते. त्यानंतर तो कितीही दयेने खेळला, तरी शेवटच्या सुखाच्या चित्रावर त्या जुन्या सौद्याची सावली पडतेच.

रात्री मी स्वतःशी वाद घातला. कल्पनेतल्या वधाचे पाप मानायचे तर सर्वांत मोठा खाटीक मीच. माझ्या एका कादंबरीत मी एका सासुरवाशिणीला विहिरीत ढकलले आहे. लिहिताना मी रडलो, आणि तेच प्रकरण सर्वांनी वाखाणले. अनुभवाचे गुण ते मलाही मिळालेच की! पण दुसरी बाजू अशी: हरिश्चंद्राने स्वप्नात राज्य दिले, आणि सकाळी ते खरोखर सोडले. स्वप्नातले दान बांधते असे आमचे कीर्तनकार सांगतात. मग स्वप्नातला घाव का बांधू नये? त्यांना विचारायला हवे.

आमच्याकडेही पापपुण्याचा खेळ होताच. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट. त्यात घराघरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे असत. पुण्याची शिडी, पापाचा साप. पण तेथे साप गिळतो तो पडलेल्या दानामुळे. क्रोधाच्या घरात तुम्ही जात नाही, कवड्या तुम्हाला नेतात. म्हणून मोक्षपट खेळून कुणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. येथे कवड्या नव्हत्या. दयेची चौकट समोर होती आणि बोट माझे होते.

आणि तो विचारही माझाच होता. ‘थोडे झोडपले की वठणीवर येईल’ हे मला खेळाने शिकविले नव्हते.

वीस-एक वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, पाचवीच्या वर्गात एक मुलगा ओळीने तीन दिवस उशिरा आला. मी त्याच्या हातावर छड्या मारल्या. तो रडला नाही, म्हणून आणखी एक मारली. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलांनी सांगितले की तो पहाटेपासून आईबरोबर कापूस वेचून येतो. बोंडांच्या टोकांनी त्याची बोटे आधीच सोललेली होती. मला ती मारताना दिसली होती. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. पुढे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीला बंदी केली, आणि माझी छडी त्याच्याही आधी सुटली होती. पण सुटली एवढ्याने काय होते?

तो गावातच आहे. त्याचे मळणीयंत्र आहे, हंगामात सोयाबीन काढतो. भेटला की “नमस्कार गुरुजी” म्हणतो, आणि मी दरवेळी घाईने पुढे जातो.

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याला नवल वाटले असावे. त्याने खुर्ची झटकून दिली, चहा सांगितला. मी दोनदा घसा साफ केला.

“तू पाचवीत होतास तेव्हा—”

“काय गुरुजी?” त्याने कप पुढे केला.

मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो. तेवढ्यात त्याची मुलगी वही घेऊन दारात आली. “जा, गुरुजींना दाखव,” तो तिला म्हणाला. तिने वही माझ्या मांडीवर उघडली आणि हात मागे बांधून उभी राहिली.