रक्तातले एक अक्षर

कळंबमधील एखाद्या उपवर मुलीच्या रक्ताचा नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी एक कागद घरी येतो. हिमोग्लोबिनच्या नावापुढे त्यावर एकच अक्षर असते. त्या अक्षराचे घराने काय करावे, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.

अक्षर चुकू शकते, हे आधी सांगितले पाहिजे. अल्कली माध्यमात विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची जुनी रीत आहे. तीत सिकल सेलचे 'एस' आणि 'डी-पंजाब' एकाच जागी येऊन थांबतात. 'एस'मध्ये बीटा साखळीच्या ६व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते, 'डी-पंजाब'मध्ये १२१व्या स्थानी ग्लुटामिन. प्राणवायू कमी पडला की 'एस' तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देते. एकटे 'डी' तसे करीत नाही. म्हणून आम्ल माध्यमातील चाचणी, विद्राव्यतेची चाचणी, एचपीएलसी यंत्र यांना विचारावे लागते, आणि प्रकार फारच दुर्मीळ असला तर जनुकच वाचावे लागते. एका साक्षीवर निवाडा करू नये, हे आपण शास्त्रलेखातून ऐकत आलोच आहोत.

अक्षर बरोबर ठरले तरी वाहक म्हणजे रोगी नव्हे. शिवाय तो कागद एकटीचा राहत नाही. ज्यांना कोणी विचारलेले नाही अशा भावंडांविषयीही तो बोलतो.

१९४९ साली लायनस पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह सिकल सेल हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले. याच थोर शास्त्रज्ञाने १९६८ साली सुचविले की, वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडण्याआधीच सावध होतील. लेकरांचे दुःख टळावे हाच त्यांचा हेतू होता. पण कपाळ तर वाटेवरचा कोणीही वाचतो. आमच्याकडे गोंदण्याचीही गरज नाही. "त्यांच्या पोरीच्या रक्तात दोष आहे," एवढे बाजारच्या दिवशी कोणी बोलले की पुरे.

तरीही लपविणे आम्हांस निर्दोष वाटत नाही. दोघेही 'एस'चे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. एकाचे 'एस' आणि दुसऱ्याचे 'डी-पंजाब' एकत्र आले तरी आजार तीव्रच होतो. म्हणून कागद प्रथम मुलीने वाचावा, साखरपुड्यापूर्वी तिनेच तो होणाऱ्या पतीला दाखवावा आणि भावंडांना तपासणीचा मार्ग सांगावा. इतरांना त्याचे काही कारण नाही. आणि रक्त दोघांचेही तपासले जावे. आजवर मुलाकडच्यांनी आपल्या मुलाचा अहवाल आपणहून पुढे केल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही.