जलपर्णीला असे फूल कशासाठी?

इंद्रायणी, पवना, पंचगंगा अशा नद्यांवर जलपर्णीचा थर साचला की ती काढायची कशी एवढीच चर्चा होते. तिचे फूल मात्र निरखून पाहावे असे आहे. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या; वरच्या पाकळीवर गडद निळसर वलय आणि त्याच्या मधोमध पिवळा ठिपका. आत सहा पुंकेसर, तीन लांब आणि तीन आखूड. अॅमेझॉनच्या खोऱ्यात, तिच्या मूळ घरी, या फुलाचे तीन प्रकार आढळतात. एकात कुक्षी उंच, दुसऱ्यात मधोमध, तिसऱ्यात खाली आणि पुंकेसर उरलेल्या दोन उंचींवर. त्यामुळे कीटकाच्या अंगाला जिथे पराग चिकटतो, तिथेच दुसऱ्या प्रकारच्या फुलाची कुक्षी टेकते. अशा फुलांवर डार्विनने १८७७ साली अख्खे पुस्तक लिहिले. परपरागणासाठी याहून नेटकी रचना शोधून सापडणे कठीण. पण मूळ घराबाहेर पसरलेल्या जलपर्णीत बहुतेक मधल्या कुक्षीचीच फुले दिसतात; खालच्या कुक्षीचा प्रकार दक्षिण अमेरिकेबाहेर जवळपास पोचलाच नाही. शोभेसाठी नेलेली मोजकी रोपे आडव्या फुटव्यांनी वाढत गेली आणि मैलोन् मैल पसरलेला थर बऱ्याचदा एकाच रोपाचा विस्तार ठरला. जोडीदारच नाहीत, तरी फूल मात्र जोडीदारांसाठीच घडलेले. म्हणून फुलाच्या रचनेवरून वनस्पती आज कशी वाढते हे ठरवू नये. तिचे पूर्वज कोणत्या परिस्थितीत जगले, एवढेच ही रचना खात्रीने सांगते.

यावर कोणी म्हणेल, निरुपयोगी अवयव उत्क्रांतीत टिकतो कसा? निवड व्हायची तर पिढीत फरक असावे लागतात, आणि फुटव्यांतून निघालेली रोपे मूळ रोपाच्या नकला असतात. निवडायला काही नसेल तर बदलणार काय? उलट जिथे पिढ्या बियांतून चालतात तिथे बदल खरोखरच दिसतो. जलपर्णीचीच एक नातलग ईशान्य ब्राझीलच्या हंगामी डबक्यांत तिन्ही प्रकारांत फुलते. जमैकात मात्र तिचे काही परागकोश थेट कुक्षीलगत येऊन ती स्वपरागणावर भागवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जलपर्णीला बी धरतेच. तिला स्वतःचे पराग चालतात. फूल दिवसभरात मिटते, मग दांडा वाकून पाण्यात जातो, तिथे फळ पिकते आणि गाळात पडलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. हे मान्यच करायला हवे. फूल अगदी निकामी नाही. पण या बियांना तीन उंचींची गरज नाही, एक साधे स्वपरागी फूलही पुरले असते. त्या रचनेत फेरबदल व्हायचाच असेल तर तो तरंगत्या थरात होणार नाही. पाणी ओसरल्यावर तलावाच्या काठाला उघडा पडलेला गाळ आणि त्यात बियांतून उगवलेली रोपे, यांच्यातच तो शोधावा लागेल.