मोठ्या रकमांचें आकलन

‘लाख कोटी’ हा शब्द वर्तमानपत्रांत हल्लीं इतक्या सहजतेनें येतो कीं, तो वाचतांना कोणाची नजर अडत नाहीं. कांद्याचा भाव ४० रुपयांऐवजीं चुकून ४०० छापला गेला, तर त्या दिवशीं घरोघर त्याचीच चर्चा होईल. पण एखाद्या योजनेच्या खर्चांत ‘हजार कोटीं’च्या जागीं ‘लाख कोटी’ पडले, तर तो मुद्रणदोष आहे हें आमच्यापैकीं कितीजणांच्या ध्यानांत येईल? चूक तर शंभर पटींची. ज्या बुद्धीस दहा पट चूक डांचते तिला शंभर पट चूक दिसूं नये, हा केवळ अंकगणिताचा प्रश्न आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शब्दांचा तुटवडा हें त्याचें कारण नव्हे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली, तींत एकापासून परार्धापर्यंत प्रत्येक स्थानास स्वतंत्र नांव दिलें आहे. आपण ज्यास लाख कोटी म्हणतों, त्या संख्येचें तेथील नांव महापद्म. तें व्यवहारांत उतरलें नाहीं, कारण तेवढें मोजण्याचा प्रसंग सामान्यांवर कधीं आलाच नाहीं. आमचे वाक्प्रचारच पाहावेत. माणूस लाखमोलाचा असतो, बुडत्या धंद्यांत लाखाचे बारा हजार होतात, आणि कल्पनेची अगदीं शिकस्त झाली म्हणजे नवकोट नारायण! त्यापलीकडे मराठी मनानें श्रीमंतीचें चित्र काढलें नाहीं.

कालाच्या मापानें थोडा उजेड पडतो. दर सेकंदास एक रुपया याप्रमाणें, झोप न घेतां मोजीत बसलें, तर लाख रुपये सुमारें २८ तासांत मोजून होतील. कोटीस ११६ दिवस लागतील. लाख कोटींस मात्र जवळजवळ ३१ हजार ७०० वर्षें हवींत. म्हणजे मनुष्य शेती करूं लागला त्याच्याही हजारों वर्षें आधीं ज्यानें मोजणीस आरंभ केला असेल, त्याची मोजणी कोठें आज संपेल. हें मनोरंजक खरें. पण यानें विस्मय उत्पन्न होतो, विवेक नव्हे.

त्याहून उपयोगी रीत भागाकाराची. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांतील खर्च सुमारें ५० लाख ६५ हजार कोटी रुपये. तो १४० कोटी लोकांत वांटला, तर दरडोई ३६ हजार आणि पांच माणसांच्या घरामागें १ लाख ८० हजार पडतात. हा आंकडा घर चालविणाऱ्यास कळतो. त्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा, म्हणजे ४५ हजार रुपये, जुन्या कर्जाच्या व्याजांतच जातात हेंही कळतें, आणि मग तो प्रश्न विचारूं लागतो.

परंतु हाच भागाकार फसवितोही, आणि आमच्या मतें खरा नैतिक पेंच येथेंच आहे. समजा, सार्वजनिक पैशांतून १०० कोटींचा अपहार झाला. भागाकार करतांच दरडोई ७१ पैसे! भाजीवालीशीं आम्ही पांच रुपयांसाठीं घासाघीस करतों, पण ७१ पैशांसाठीं कोण भांडणार? जें सर्वांचें त्याची चोरी अशा रीतीनें कोणाचीच ठरत नाहीं. असला अपहार करणारास फारसा संकोच वाटत नाहीं, तो बहुधा यामुळेंच. त्याच्यासमोर रडणारा चेहरा नसतो. पाकीटमारास निदान तो कधींमधीं पाहावा लागतो.

म्हणून अशी रक्कम वांटूं नये, एके ठिकाणीं गोळा करून पाहावी. शिक्षकाचें वेतन महिना ५० हजार धरलें, तर तीस वर्षांच्या नोकरीचे १ कोटी ८० लाख होतात. १०० कोटींत असे ५५ शिक्षक आपली सारी नोकरी पुरी करतील. प्रत्येकाच्या हाताखालून वर्षास ४० मुलें गेलीं असें मानलें, तरी हीं ६६ हजार मुलें होतात. ७१ पैशांत यांतलें एकही मूल दिसत नव्हतें.

कोणी म्हणेल, हीं कामें जाणत्यांचीं. त्यासाठीं लेखापरीक्षक आहेत, लोकप्रतिनिधि आहेत. आहेत खरे. पण प्रतिनिधि आमच्यांतूनच जातात आणि आमच्याच संवयी बरोबर नेतात. संस्थेच्या वार्षिक सभेंत माळ्याच्या पगारवाढीवर तासभर वाद व्हावा आणि इमारतीचा खर्च टाळ्यांच्या गजरांत मंजूर व्हावा, हें आम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. २०१८ च्या मार्च महिन्यांत लोकसभेनें सर्व खात्यांच्या खर्चाच्या मागण्या गोंधळांत, चर्चेवांचून, सुमारें अर्ध्या तासांत मंजूर केल्या. त्यांत शिक्षणाचीही मागणी होती.