दाराबाहेरच्याने पाहावं

पहिलटकरणीने सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी यायचं, ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली रीत अजून टिकून आहे. गाव मेहकरकडचं असो, मोताळ्याचं असो की संग्रामपूरचं. नवरा तेव्हा पुण्याला नाहीतर सुरतेला कामावर असतो. दुपारी घर निजलं की मुलगी मोबाईलवर ‘नॉर्मल डिलिव्हरी’ शोधते आणि जे समोर येतं ते एकटीच बघत बसते. मग कधीतरी धीर करून आजीला किंवा आशाताईला विचारते, हे बघावं का? बहुतेक घरांतलं उत्तर ठरलेलं असतं. “काहून पाह्यतं माय तू ते? भेव भरते मनात.”

आजीचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने 1942 साली लिहिलेलं पुस्तक पुढे ‘चाइल्डबर्थ विदाउट फिअर’ या नावाने ओळखलं गेलं. भीतीने शरीर आखडतं, आखडलेल्या शरीरात कळा जास्त दुखतात आणि दुखणं वाढलं की भीती आणखी वाढते, अशी त्यांची मांडणी होती. सगळ्या वेदनेचं मूळ भीतीत आहे असं आज कोणी म्हणणार नाही. कळा खऱ्याच असतात. पण घाबरलेल्या बाईचं बाळंतपण जड जातं, हे गावातली कोणतीही जुनी सुईण सांगेल. त्यामुळे भीती घालणारं दृश्य आणि समज देणारं दृश्य यांत फरक करायलाच हवा.

पडद्यावर दिसतं ते बहुतेक पहिल्या प्रकारचं असतं. ब्रिटनमध्ये 2010 साली ‘वन बॉर्न एव्हरी मिनिट’ ही मालिका सुरू झाली. प्रसूती विभागात कॅमेरे बसवून खरी बाळंतपणं तिने घरोघरी दाखवली. मालिका प्रामाणिक होती, तरी कार्यक्रम म्हटला की वेळेची कात्री आलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी सांगतात की गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलं की कळांचा खरा जोर सुरू होतो आणि तिथून ते पूर्ण उघडायला पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधीची रेंगाळणारी अवस्था वेगळीच. तिला वेळेचं बंधन नाही. हे तास दाखवून प्रेक्षक कोण टिकवणार? मग उरते ती किंकाळी, डॉक्टरांची धावपळ आणि शेवटी रडणारं बाळ. मधलं चालणं-फिरणं, कुशीवर वळणं, घोटभर पाणी, पाठ चोळणारा हात, दोन कळांच्या मधली डुलकी, हे सगळं गळून जातं. पहिलटकरणीला धीर देणारं नेमकं हेच असतं. आपल्या सिनेमांत तर पाणमोट फुटली की पाच मिनिटांत दोन-तीन महिन्यांचं वाटावं असं गुटगुटीत, धुतलेलं बाळ हातात येतं. खरं बाळ निळसर, चिकट पांढऱ्या थराने माखलेलं आणि कधी कधी लांबुळक्या डोक्याचं जन्मतं. हे आधी माहीत नसलेली आई ते पाहून हबकते.

तरीही ‘बघूच नको’ हे उत्तर मला पटत नाही. त्याचं कारण आपल्या मागच्या वीस वर्षांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 साली महाराष्ट्रात शंभरांतली सुमारे 65 बाळंतपणं दवाखान्यात होत. 2019-21 च्या पाहणीत ती जवळपास 95 झाली. जननी सुरक्षा योजना, आशाताईंची पायपीट आणि रुग्णवाहिका यांनी हे घडवलं आणि त्याने कितीतरी आयांचे जीव वाचले. घरच्या बाळंतपणाचे गोडवे मी गाणार नाही. पण बाळंतपण घरातून गेलं तसं ते बायकांच्या नजरेआडही गेलं. आजीने स्वतःच्या पहिल्या खेपेआधी जावेच्या, नणंदेच्या उशाशी बसून कळा पाहिल्या होत्या. कोणती कळ खोटी आणि कोणती खरी, हे तिला कानांनी कळत होतं. नातीने यातलं काहीच पाहिलेलं नाही. तिच्यापुढे एक बंद दार आहे आणि एक मोबाईल. ‘पाहू नको’ म्हणणाऱ्या आजीने स्वतः पुष्कळ पाहिलेलं असतं, हे आपण विसरतो.

आणि पुरुषांनी तर तेव्हाही पाहिलं नव्हतं. सिंदखेडराजाला दरवर्षी 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखो लोक येतात. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात ती जागा दाखवतात आणि माणसं भक्तीने माथा टेकतात. मीही टेकला आहे. तिथे उभं राहिलं की आठवण येते ती म्हाळसाबाईंची. त्या खोलीत ज्यांनी कळा सोसल्या त्या बाईंबद्दल गर्दीतलं कोणी चकार शब्द काढत नाही. जन्माला आपण वंदन करतो आणि जन्म देण्याकडे पाठ फिरवतो. अशी पाठ फिरवणं म्हणजे लाज राखणं, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं.

म्हणून पाहावं की नाही हा प्रश्न आधी नवऱ्याला विचारायला हवा, असं माझं म्हणणं आहे. तिने पाहावं की न पाहावं, हे तिचं तिने ठरवावं. तिच्या अंगावर तो प्रसंग येणारच आहे. तयारी कशी करायची याचा अधिकार तिचाच. त्याचं तसं नाही. तो बाहेर बाकड्यावर बसणार, पण निर्णयांत मात्र तोच पुढे असणार. रात्री दोन वाजता गाडी बोलवायची की सकाळची वाट पाहायची, बुलढाण्याच्या स्त्री रुग्णालयात न्यायचं, खामगावच्या सामान्य रुग्णालयात की एखाद्या खासगी दवाखान्यात, रक्त कोणाचं मिळेल, सिझेरियनला हो म्हणायचं का, हे सगळे त्याला विचारतील. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते. तरी नवऱ्याची सही मागायची सवय आपल्या दवाखान्यांतून गेलेली नाही. ज्या गोष्टीचं त्याला काडीचं ज्ञान नाही तिच्याबद्दल दुसऱ्याच्या शरीरावर सही करायला निघालेल्या माणसाने आधी एक बाळंतपण सुरुवातीपासून वार पडेपर्यंत पाहायला हवं. याला मी नीतीचा प्रश्न म्हणतो. बाळ आलं की आपलं काम संपलं असं समजून पेढे आणायला धावणाऱ्या बापाला हे ठाऊक असायला हवं की नंतरच्या काही तासांत होणारा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे. तेव्हा तो जागेवर हवा.

‘थ्री इडियट्स’मधला प्रसंग आठवून पाहा. 2009 च्या त्या सिनेमात पावसाने तुंबलेल्या शहरात कॉलेजची पोरं संगणकावरून डॉक्टर मैत्रिणीच्या सूचना ऐकत बाळंतपण करतात. तिथे सगळ्यांच्या नजरा बाळ ओढून काढायच्या यंत्राच्या जुळणीवर खिळलेल्या असतात. ती बाई काय सोसते आहे, तिला काय हवं आहे, हे विचारायला कोणाला सवड नाही. पुरुषाने बाळंतपण असं पाहू नये. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहायला शिकावं.

दुसरी एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. आपण ज्या बाईचं बाळंतपण पडद्यावर बघतो, तिला ते दाखवायचं होतं का? अभिनेत्री श्वेता मेनन यांनी 2012 साली मुंबईत स्वतःचं बाळंतपण ‘कलिमन्नु’ या मल्याळम सिनेमासाठी चित्रित करू दिलं आणि केरळात मोठं वादळ उठलं. त्यांच्यावर तुटून पडलेल्यांशी मी सहमत नाही. निर्णय त्यांचा होता, विचारपूर्वक घेतलेला होता. पण मोबाईलवर फिरणाऱ्या कितीतरी चित्रफितींमधली बाई कुठल्या तरी दवाखान्यातली, नाव-गाव नसलेली, कळांनी अर्धवट शुद्धीत असते. तिला कोणी विचारलं असेल याची खूण कुठे दिसत नाही. अशी चित्रफीत बघणं म्हणजे तिच्या असहायतेत आपलीही भर घालणं आहे. तिथे आपण आपलं बोट आवरलं पाहिजे आणि ती पुढे तर मुळीच पाठवू नये. स्वतःच्या बाळंतपणात कोणी मोबाईल वर केला, तर “बंद करा” म्हणण्याचा हक्क आपल्या मुलींना आधीच सांगून ठेवावा.

मग पाहायचं कुठे? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. 2016 पासून हे चालू आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांसाठी बायका तासन्‌तास बसलेल्या असतात. त्याच वेळी संमतीने घेतलेली, नीट समजावून सांगणारी मराठी चित्रफीत सिस्टरांच्या सोबतीने दाखवता येईल. बघताना पोटात गोळा आला तर लगेच विचारायला माणूस शेजारी असतं. घरात पांघरुणाखाली मोबाईल धरून बघताना ते नसतं. त्याच दिवशी प्रसूती कक्षही दाखवावा: ते टेबल, बाळाला ऊब देणारा दिवा, हात धुण्याची जागा. ओळखीच्या खोलीत कळा द्यायला आलेली बाई निम्मी सावरलेली असते. त्या दिवशी नवऱ्यालाही बोलवावं. तो येणार नाही असं आधीच धरून चालायचं कारण नाही; कोणी बोलावलंच नाही म्हणून न येणारे पुष्कळ असतात.

बाळंतपणात बाईसोबत कोणीतरी असावं, हे केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी मान्य केलं. स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई हा त्यात पहिला पर्याय आहे, आणि जिथे आडोसा नीट राखला जातो तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. आपल्याकडे एकाच कक्षात शेजारी-शेजारी टेबलं असली की पुरुषाला बाहेरच थांबावं लागतं आणि इतर बायकांच्या मानासाठी ते योग्यही आहे. उपाय मोठा नाही. पडदे हवेत, आणि ते लावण्याचा आग्रह धरणारी माणसं हवीत. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत रस्त्यांइतकाच हा विषय बोलला जावा.

पण सोबत राहायचं तर नवऱ्याला आधी सुट्टी हवी. खासगी कारखान्यात बापाला बाळंतपणाची रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या नोकरदाराला पंधरा दिवस मिळतात. चाकणच्या कंत्राटी कामगाराला सुपरवायझरच्या मर्जीवर राहावं लागतं. म्हणून बायकोच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली अपेक्षित तारीख त्याने आजच टिपून घ्यावी, त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ दिवस धरून सुट्टी मागावी, आणि मिळत नसेल तर या एका कारणासाठी भांडून घ्यावी.